गिझरचं पितळी बूच

वस्तू टाकून द्यायची म्हटलं की दयानंदच्या जिवावर यायचं. मस्कतमध्ये एसी, पंप, गिझर दुरुस्त करण्यात त्याची उमर गेली, पण "हा आता संपला" असं त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. तिथल्याच मत्रह भागातल्या घरी स्वतःचाच गिझर गंजून लाल झालेला. बायको सुगंधा नवा घ्या म्हणून डोकं खायची, आणि हा पठ्ठ्या दर वेळी म्हणायचा, "अजून जीव आहे त्यात." थर्मोस्टॅट गेला, तर त्याने तो काढून वायर सरळ जोडून दिली. म्हणजे पाणी कितीही तापलं तरी गिझर आपणहून थांबणार नाही, बटण हातानेच बंद करायचं. घरच्यांना त्याची सवय झाली होती.

त्या सकाळी तो शहराबाहेर रुसैलला, एका कंपनीच्या कामगारांच्या राहण्याच्या जागी, असाच एक जुना गिझर बघत होता. तिथली व्यवस्था पाहणारा प्रशांत घाईला आला होता.

"दयाभाऊ, एकच सांगा. रिपेअर की नवा?"

"आधी बघू तर दे." दयानंदने खालचा सेफ्टी वाल्व्ह चाचपला. पाणी फार तापलं तर आतल्या दाबाला बाहेर पडायला तेवढी एकच वाट असते. त्या वाटेच्या तोंडात कुणीतरी पितळी बूच घट्ट पिळून बसवलं होतं.

"हा कुठल्या गाढवाचा उद्योग?" तो भडकला. "ठिबकतंय म्हणून बूच मारलं? टाकी फुटली तर भिंतीसकट आतला माणूस जाईल. अक्कल गहाण ठेवून कामं करतात लेकाचे..."

आणि बोलता बोलता त्याला घरचं बूच आठवलं.

जूनमध्ये घरचा गिझरही असाच ठिबकत होता. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात पोळेल इतकं तापतं, म्हणून इथे सगळेच गिझर बंद ठेवतात आणि त्यातलं घरातल्या सावलीत निवलेलं पाणी अंगावर घेतात. तेव्हा गिझर म्हणजे नुसता माठ. माठाला कसला आलाय सेफ्टी वाल्व्ह, म्हणत दयानंदने पाकिटातल्या जोडीतलं एक बूच तिथे बसवलं. थंडी पडली की काढू म्हणाला आणि साफ विसरला.

थोड्या दिवसांपूर्वी गावाहून आलेल्या आईचे गुडघे आज सकाळी गारठ्याने आखडले होते. आजवर तिला सुगंधा गॅसवर पाणी तापवून द्यायची, या थंडीत गिझर अजून कुणी लावलाच नव्हता. आज दयानंदनेच तिला गिझरचं बटण दाखवलं होतं. "आये, पूजा झाली की हे लाव, आणि थोड्या वेळाने आठवणीने बंद कर."

त्याने आईला फोन लावला. वाजून वाजून थांबला. सुगंधा दवाखान्यात रिसेप्शनला, तिचा फोन कामावर पर्समध्ये असतो. हत्यारं तिथेच टाकून तो गाडीकडे पळाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. गाडीचं दार उघडतोय तोच आईने उचलला.

"काय रे दया? गुडघ्यांना तेल चोळत होते."

"गिझर चालू आहे?"

"कधीचा लावलाय. आज चांगलं कडकडीत पाणी घेते. आतनं गुरगुरतोय बघ कसा. चालले आता आंघोळीला."

"आत जाऊ नको." तो ओरडला. "दाराबाहेरचं बटण बंद कर. नळाला हात लावू नको. घराबाहेर पड."

"अरे, पण एवढं तापलेलं पाणी वाया..."

"आये, माझी शपथ आहे तुला."

पलीकडे बटण खटकन वाजलं.

"केलं बंद. आता या तेलकट पायांनी जाऊ कुठे?"

"खाली अमीरुन्निसा खालांकडे बस. मी येईपर्यंत वर यायचं नाही."

अमीरुन्निसा खाला रत्नागिरीच्या, खालच्याच मजल्यावर राहायच्या. आईचं आणि त्यांचं चांगलं जमलं होतं. दार ओढल्याचा आवाज आला तेव्हा कुठे दयानंदने गाडी सुरू केली. मग मत्रहपर्यंत तो स्वतःलाच शिव्या घालत आला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायलाही त्याचा हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हता.

आधी धावत वर गेला. मेन स्विच पाडला आणि लांबूनच पाहिलं. गुरगुर थांबली होती, पण टाकीचं पोट एका बाजूने फुगलं होतं. आई वाचली होती.

जरा वेळाने खाली येऊन त्याने खालांची बेल वाजवली. दार खालांनीच उघडलं, त्यांच्या खांद्यावर टॉवेल होता. मागे आई ओले केस पंच्याने पुसत बसली होती.

"घाबरवलंस मला," आई म्हणाली. "पण आंघोळ काही राहिली नाही हो माझी. इथे केली. यांचा गिझर बघ, एक थेंब गळत नाही. जूनमध्ये तूच नीट करून दिलास म्हणाल्या."

जोडीतलं दुसरं बूच.

बाथरूमच्या दाराशी बटणावरचा लाल दिवा जळत होता. खाला तिकडेच वळल्या होत्या. दयानंद त्यांच्या आडवा गेला आणि बटण बंद केलं.

"खाला, आता आत जाऊ नका. टाकी निवू द्या."

"काय झालं रे पोरा? चांगला चाललाय की."

"चांगला नाही. मीच बिघडवून ठेवलाय, वरचापण आणि हापण." त्याला त्यांच्याकडे बघवेना. "दोन्ही आज काढतो."

"काढतोस कशाला?" आई म्हणाली. "तुझ्या हाताला काय दुरुस्त होत नाही?"

"नाही, आये," दयानंद म्हणाला. "हे आता संपले."