शिवाची विजेवरची मोट

शिवा गेल्यावर वर्षभर मी त्याचा आवाज एका गाळ्यात कोंडून ठेवला होता.

आज त्याचं वर्ष. सकाळपासून चप्पल घालतोय, काढतोय. चहा केला, गार झाला, पुन्हा केला, पुन्हा गार.
बसवत नाही, म्हणून लिहितोय.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शिवाला ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवताना पाहिलंय. शाहूपुरीतला त्याचा गाळा मात्र थोड्यांनाच ठाऊक.
आत जुने ॲनालॉग सिंथेसायझर. जमिनीवर इफेक्टची पेडलं, गिटारवाले पायानं दाबतात तसली. आणि भिंतीवर पॅचबे.

पॅचबे म्हणजे नुसती भोकांची पट्टी. पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा खुपसून गावाला गाव जोडायचे ना, तसंच. या भोकातली तार त्या भोकात घातली की सूर आधी या पेडलातून जाणार, मग त्या.

"कविराज, सूर म्हंजे पाणी. दारं धरशील तिकडं जातंय."
शिरोळचा गडी. उसाला पाणी पाजत वाढलेला. त्याला दुसरं काय सुचणार!

कविराज म्हणजे मी. जन्मात एक ओळ लिहिलेली नाही. शाळेच्या पुस्तकातल्या कविता तेवढ्या पाठ, अजून.

आम्हाला चौथीत एक मोटेची कविता होती. पहाटे मोट चालते, चाक करकरतं, पाणी पाटातून धावतं. एवढंच. पण ती म्हणायला लागलो की मला शेणानं सारवलेला वर्ग दिसतो, खिडकीतून आलेलं ऊन दिसतं, शेजारी मांडी घालून बसलेला शिवा दिसतो.

गेल्या वर्षी तो म्हणाला, "तू म्हण. मी मागनं मोट चालवतो. झकास रेकॉर्ड करू."
"तुझ्या त्या डब्यातनं मोट निघणार?"
"व्हय की! चाक न्हाय करकरलं तर मिशी काढतो."
"तुला मिशी आहे कुठं?"
"म्हणून तर पैज लावतोय!"

आणि त्यानं ती काढली. मोट!
एका पेडलानं सुराला खरखर दिली, दुसऱ्यानं ती करकर विहिरीत घुमवली, तिसऱ्यानं पाणी सांडलं. मी डोळे मिटले आणि माझ्या अंगावर काटा आला.

"रविवारी ये," म्हणाला. "घसा साफ करून ये."

शुक्रवारी तो गेला. घरीच, जेवून उठताना.
तारा लावलेल्या तशाच राहिल्या.

या जुन्या यंत्रांना मेमरी नसते. सेव्ह वगैरे काही नाही. तारा कुठं आहेत आणि बटणं किती फिरवलीत, तोच तो आवाज. तारा काढल्या की संपलं.

म्हणून मी राखण केली. गाळ्यात झाडू मारायचा नाही, पंखा लावायचा नाही. किल्ल्या दोनच, एक वहिनींकडे, म्हणजे शिवाच्या बायकोकडे, एक माझ्याकडे. जाऊन स्विच दाबायचो. मोट चालायची.

"काका, मी फोन धरते. तुम्ही म्हणा," त्याची मुलगी रेवती दर वेळी म्हणायची.
मी तोंड उघडायचो. पहिल्या ओळीपुढं आवाजच फुटायचा नाही.
"नुसती मोट तरी रेकॉर्ड करू?"
"नको. कवितेशिवाय नको. पुढच्या वेळी."

पुढची वेळ काल संपली. मालकाला गाळा परत हवा होता, म्हणून आम्ही तिघं सामान हलवायला गेलो.

"तारांसकट उचलू," मी म्हणालो.
"काका, भिंतीत ठोकलंय ते. तारा काढल्याशिवाय निघणार नाही."
"एक जरी तार हलली तरी शिवा गेला! कळतंय का तुला?"
मी ओरडलोच.

वहिनी खोकं बांधता बांधता म्हणाल्या, "बसा बघू जरा. किती येरझाऱ्या घालायच्या? त्यो आवाज कवाच गेलाय."
"म्हणजे?"
"खंडेनवमीला पूजा केली की मी. समदं पुसून घेतलं, बटणाबटणाला हळदकुंकू लावलं. फिरली असतील. दोन तारा निघाल्या हुत्या, त्या दिसंल त्या भोकात घातल्या."

मी खुर्चीत बसलो.

"वहिनी, मला सांगायचं तरी!"
"काय सांगू? दिवाळीला आलासा, लावून ऐकलासा, डोळं पुसलासा आन म्हणालासा, 'तोच! अगदी तोच!'"

रेवतीला हसू आवरेना. मला येईना. दिवाळीपासून माझ्या अंगावर काटा येत होता तो वहिनींच्या मोटेनं!

"काका, आता तुम्हीच काढा," रेवती म्हणाली. "तार निघाली की सूर ते पेडल सोडून सरळ पुढं जातो. एकदम बंद नाही पडणार."

स्विच दाबला, मोट सुरू झाली. पहिली तार ओढली. विहिरीचा घुमारा गेला.
मग पाणी गेलं.
मग करकर.

खाली उरला एक साधा, लांब सूर. वर्षभर तो मी ऐकलाच नव्हता. करकरीखाली होता.

कीबोर्डवर वाकून पाहिलं. एक पट्टी दाबून तिच्या फटीत काडेपेटीची काडी खुपसलेली होती.
"ती काडी तेवढी न्हाय काढली," वहिनी म्हणाल्या. "त्यांनी घातलीय, म्हटलं असंल कायतरी."

काळी एक.

मी कविता काळी एकच्याच सुरात म्हणतो. शाळेपासून. शिवानं मोट माझ्या गळ्यावर बांधली होती.

रेवतीनं फोन कधी धरला ते मला कळलं नाही. मी सुरू झालो होतो. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. तिसऱ्यात आवाज फाटला. सूर मात्र हलला नाही, तिथंच थांबून राहिला. मी परत त्याच्यावर आलो आणि शेवटच्या ओळीपर्यंत गेलो.

मग स्विच बंद केला. वहिनी तोंड फिरवून शटरकडं बघत होत्या.

रेकॉर्डिंग रेवतीकडे आहे. तिनं पाठवलंय, फोन वाजलाय. अजून ऐकण्याचं धाडस नाही.

शिवा, कविता पुरी झाली, लेका. आता तू मोकळा.
तुला तुझ्या कविराजाचा निरोप.