दुधातलं इन्सुलिन

किकवीला एसटीची वाट बघत मी रोज ज्या औषधांच्या दुकानाशी थांबतो, तिथले काका महत्त्वाचं वाक्य दोनदा बोलतात. परवा भोंगवलीच्या एक आजी त्यांना म्हणाल्या, "सुईचं लई भ्या वाटतं, म्हनून म्या इन्सुलिन दुधात घालून पिते." साखर उतरत नव्हती, पायाची जखम चिघळली होती.

"आजी, ते प्रथिन हाय. प्यालं की डाळीवानी पचून जातं. टोचलं तरच रक्तातनं पेशीपर्यंत पोचतं, तिच्या पडद्यावरच्या ग्राहीला, म्हंजी तिथल्या कुलपाला, किल्लीवानी चिकटतं, मग साखर आत शिरते. मग साखर आत शिरते."

"पडदा ऱ्हाऊ द्या. दुखतं का?"

काकांनी कोऱ्या सुईचं पाकीट फोडलं, सदरा वर केला आणि सुई औषधाविना, रिकामीच स्वतःच्या पोटात टोचली. बी.एस्सी.ला हे सगळं मी पाठ केलं होतं, पण असं समजावणं मला सुचलं नसतं.

आजी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिल्या. मग हात पुढं करून म्हणाल्या, "द्या हिकडं दुसरी कोरी. माजी म्या टोचते."