सावज कोणतं?

आमचा दादा एका डोळ्याने जगतो. दुसरा डोळा शाबूत आहे, पण सवयीने मिटलेला असतो. भाजी निवडताना, पेपर वाचताना, एवढंच काय, माझ्यावर चिडलेला असतानाही त्याचा डावा डोळा बंद. गल्लीतले लोक त्याला एकडोळ्या म्हणतात आणि तो खुशाल ओ देतो. सारं आयुष्य दुर्बिणी, सूक्ष्मदर्शक आणि रायफलींचे स्कोप दुरुस्त करण्यात गेल्यावर चेहऱ्याला ते वळणच पडलं. उजव्या भुवईवर एक अर्धगोल व्रण आहे. तरुणपणी एका स्कोपला डोळा फार जवळ लावला, गोळी सुटली, रायफल मागे आली आणि स्कोपच्या कडेने भुवई फोडली. तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला तो व्रण दाखवून सांगतो, "डोळा आणि भिंग यांच्यामध्ये वीतभर नको, पण चार बोटं तरी पाहिजेत. नाहीतर असा चंद्र उगवतो."

दुकान खाली, घर वर. दुकानात पुढे काचेचा काउंटर, त्यावर हिरवी लोकरी बनात, आणि मागे पडद्याआड त्याची कामाची खोली. त्या खोलीत पंखा लावायचा नाही, पावडर लावून जायचं नाही, आणि वरती मी काही तळायला घेतलं की खालून बोंब, "धूर! भिंगांवर धूर बसतो!" त्याला बायको नाही. कुठली बाई टिकली असती? मी बहीण म्हणून टिकले, आणि तेही दुसरीकडे जायला जागा नव्हती म्हणून.

दुकानात कोणीही शिरलं की दादा आधी विचारणार, "सावज कोणतं?" किंमत नंतर, कंपनी नंतर. एकदा शाळेचे एक मास्तर आकाश बघायला दुर्बीण घ्यायला आले, त्यांनाही हाच प्रश्न. ते बिचारे गंभीरपणे म्हणाले, "चंद्र." दादाने मान डोलावली आणि त्यांना चंद्राच्या मापाची दुर्बीण काढून दिली. त्याचं म्हणणं असं, की स्कोप दुकानात निवडायचाच नसतो. सावज कुठे उभं राहणार, किती लांब, उजेड कसा, तिथून मागे मागे येत आपल्या डोळ्यापर्यंत पोहोचायचं, म्हणजे कुठला स्कोप हवा ते आपोआप कळतं. आणि उत्तर पटलं नाही तर माल नाही. एक बडा माणूस एकदा म्हणाला, "जे समोर येईल ते." दादाने त्याच्या हातातून स्कोप काढून घेतला, पुसला आणि डब्यात ठेवून दिला. मी या प्रश्नावरून त्याची पुष्कळ चेष्टा करायचे. भाजीला निघाला की विचारायचे, "दादा, सावज कोणतं? दुधी का दोडका?"

मी नवऱ्याला सोडून आले त्याला आता वर्ष होईल. लोक विचारतात, मारायचा का? नाही. कधी बोट लावलं नाही. आवाजसुद्धा चढवला नाही. तो बघायचा. मी बाजारातून आले की तो शांतपणे सांगायचा, "कोपऱ्यावर थांबलीस. निळी पिशवी खाली ठेवलीस. दोनदा हसलीस." मी कुठेही गेले तरी तो कुठूनतरी बघत असायचा, आणि कुठून ते मला कधीच कळलं नाही. शेवटी मला पाठीवर नजर असल्याशिवाय चालताच येईना. बॅग घेऊन दारात उभी राहिले तेव्हा तो अडवायला आला नाही. एवढंच म्हणाला, "जा. मला दिसशीलच."

हे मी दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "भेटू असं म्हणायचं असेल त्यांना. काही लोकांना नीट बोलता येत नाही." दादा असाच. भिंगातला केसाएवढा ओरखडा त्याला दिसतो, माणसातला दरवाजाएवढा दिसत नाही.

मग एक दिवस दुपारी दाराची घंटा वाजली आणि दादाचा आवाज एकदम गोड झाला. "या, या पाहुणे! बसा." मी मागच्या खोलीत भिंगं पुसायच्या पिवळ्या फडक्यांचे चौकोन कापत होते. माझी कात्री थांबली. पडद्याच्या फटीतून पाहिलं. तोच होता, इस्त्रीच्या शर्टात, पायातले बूट दाराशी नीट जोडून ठेवलेले.

"दादा, शेतात रायफल घेतलीय राखणीला. परवाना आहे," तो म्हणाला. "स्कोप तुमच्याकडूनच घ्यायचा म्हटलं. घरचं दुकान."

घरचं दुकान! त्या दोन शब्दांनी दादा विरघळला. त्याला वाटलं, जावई समेटाला आलेत, आणि मनात आहे ते बोलता येत नाही म्हणून स्कोपचं निमित्त केलंय. त्याने बनातीवर तीन स्कोप मांडले आणि शिकवायला बसला. दादाला शिकवायला मिळालं की जेवणाची शुद्ध राहत नाही. आणि याने प्रश्नही काय विचारले! एकेक नेमका. इतकी वर्षं लग्न करून तो माझ्याशी एवढं बोलला नसेल.

"पट जास्त तितका स्कोप चांगला, असंच ना?"

"सगळे तिथेच फसतात, पाहुणे. पट वाढवलीत की सावज जवळ येतं, पण डोळ्यात पडणारा उजेडाचा ठिपका बारीक होतो. भरदुपारी चालेल. पण तिन्हीसांजेला डोळ्याची बाहुली मोठी होते, तिला मोठा ठिपका लागतो. नाहीतर चित्र काळवंडतं. म्हणून तेव्हा पट कमी करायची आणि पुढचं भिंग मोठं घ्यायचं."

"तिन्हीसांजेलाच लागेल मला," तो म्हणाला.

मग दादाने त्याला सांगितलं, की पुढचं भिंग आत जग उलटं पाडतं आणि मधली भिंगं ते पुन्हा सुलटं करतात. (आमच्या संसारात ती मधली भिंगं बसवायची राहिली होती.) डोकं जरा हललं की आतली नेमाची फुली सावजावरून सरकते, मग बाजूचं चाक त्या अंतरावर आणायचं, म्हणजे फुली जागच्या जागी चिकटून बसते. त्याने ते चाक फिरवून पाहिलं, दारातून समोरच्या पाण्याच्या टाकीवर नेम धरला, डोकं डावी-उजवीकडे हलवलं आणि म्हणाला, "अगदी बसली."

"किती लांबून चेहरा ओळखू येईल, दादा?"

दादा खो खो हसला. "डुकराचा चेहरा ओळखून काय करायचंय, पाहुणे? सोयरीक जुळवायचीय?"

तोही हसला. त्याला हसताना मी फार वेळा पाहिलं नव्हतं. मी फडक्यांच्या ढिगाजवळ खाली बसले.

त्याने मोठ्या भिंगाचा स्कोप निवडला. त्या भिंगाचं एक वैशिष्ट्य होतं. भिंगांवर मुलामा असतो, उजेड परतून वाया जाऊ नये म्हणून. तरी थोडा उजेड परततोच, आणि प्रत्येक मुलाम्याचा परतलेला रंग निराळा. बहुतेकांचा हिरवट असतो. याचा जांभळा होता, पिकलेल्या वांग्याच्या सालीसारखा. दादाने कौतुकाने ते भिंग तिरकं धरून त्याला दाखवलं. "असा दुसरा तुम्हाला या गावात सापडणार नाही. माझ्याकडे एकच आला होता." मग पडद्याआड हात घालून माझ्या ढिगातलं वरचं पिवळं फडकं उचललं, घडी करून डब्यात ठेवलं आणि पाहुण्याला दारापर्यंत पोहोचवायला गेला.

तो गेल्यावर मी बाहेर आले. "दादा, तू त्याला विचारलंस?"

"काय?"

"सावज कोणतं ते."

दादाचा चेहरा कोरा झाला. मग तो बनात झटकायला लागला. "जावयाला असं विचारतात होय? उलटतपासणी केल्यासारखं वाटतं. आणि डुकरंच असणार ना. शेत आहे."

"डुकरं तो म्हणाला, का तू म्हणालास?"

तो बनात झटकतच राहिला. मग म्हणाला, "बये, ज्याला इतके चांगले प्रश्न पडतात तो माणूस मनाने वाईट नसतो." मी संतापाने लाल झाले. चांगल्या प्रश्नांनी माणसं चांगली ठरत असती तर काय हवं होतं? पण त्याच्या डोळ्यांत इतका आनंद होता, की मी पुढचं गिळलं.

आमच्या गच्चीसमोर मोकळं मैदान आहे आणि मैदानापलीकडे एक अर्धवट इमारत. मजले उभे आहेत, खिडक्यांना चौकटी नाहीत, बांधणारा मधेच गायब झालाय. संध्याकाळी उन्हं आमच्या पाठीमागून येतात आणि त्या इमारतीच्या सगळ्या भोकांत शिरतात. मी त्याच वेळेला वाळलेले कपडे काढायला वर जाते. रोज जाते. हे कुणालाही ठाऊक असतं, ज्याला बघायची सवय असते त्याला तर नक्कीच.

त्या संध्याकाळी दादा वर आला होता, त्याचे कामाचे पांढरे हातमोजे वाळले का बघायला. मी चादरीची दोन टोकं धरून उभी होते. समोर वरच्या मजल्यावरच्या एका भोकात काहीतरी लुकलुकलं. मला वाटलं पत्रा असेल. एवढ्यात दादाने मला दंडाला धरून असं खेचलं, की मी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर आपटले. त्याने मला आयुष्यात कधी असं धरलं नव्हतं.

"जांभळं," तो म्हणाला. "बये, ते जांभळं आहे."

आम्ही टाकीमागे बसून राहिलो. ज्या हातांनी तो केसाएवढा स्क्रू बसवतो, त्या हातांनी त्याने माझा दंड घट्ट धरून ठेवला होता. ऊन गेलं तेव्हा आम्ही वाकून जिन्याने खाली उतरलो आणि तसेच पोलीस चौकीत गेलो. तिथला माणूस चांगला होता, त्याने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्या इमारतीत माणूस पाठवला. वरच्या मजल्यावर कुणी नव्हतं. भोकाच्या कडेवर एक पिवळं फडकं होतं, चौकोनी, घडी घालून ठेवलेलं. "रायफल परवान्याची आहे," चौकीतला तो माणूस म्हणाला. "बघितल्याबद्दल कुणाला आत टाकता येत नाही, बाई. काही केलं तर कळवा."

काही केलं तर मी कशी कळवणार, हे विचारायला माझी जीभ शिवशिवली. दादाकडे पाहिलं आणि उठले. टेबलावर ठेवलेलं ते फडकं मीच कापलेलं होतं. एक कड तिरकी गेली होती, कात्री थांबली तिथे.

दादा म्हणाला, मावशीकडे जाऊन राहा. मी म्हटलं, एकदा निघून आले, आता आणखी किती वेळा निघायचं? आणि तिथे गच्ची नसेल का? 

त्या आठवड्यातच घंटा पुन्हा वाजली. या वेळी दादा "या" म्हणाला नाही. मी पडद्यामागेच होते.

"दादा, स्कोप फार छान आहे," तो म्हणाला. "एकच अडचण. ऊन समोरून आलं की पुढचं भिंग चमकतं. त्यावर काही इलाज?"

इलाज त्याच्या नाकासमोर काचेखाली ठेवलेला होता. एक साधी काळी नळी असते, पुढच्या भिंगाला आटे फिरवून बसवायची. भिंग सावलीत जातं, चमक बंद. दुकानात शिरणाऱ्या लहान पोरालाही ती दिसली असती. दादाने आपला पंजा काचेवर, बरोबर त्या नळीच्या वर ठेवला.

"पाहुणे," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मला ओळखू येईना. "मागच्या वेळी एक विचारायचं राहिलं. सावज कोणतं?"

 नवऱ्याने पडद्याकडे पाहिलं. फटीतून मी त्याला दिसत असेन की नाही, देव जाणे, पण तो नेमका माझ्या डोळ्यांत बघत होता. मला इतकी भीती वाटली, की भीतीचाच राग आला. मी पडदा फाडल्यासारखा सारला आणि बाहेर आले.

"सांगा ना. दादा विचारतोय. सावज कोणतं?"

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बारीक झालीस," तो म्हणाला. मग दादाकडे वळून अदबीने, "तुमच्याकडे नसेल तर असू दे. नळी काय, कुठेही मिळते." बूट घातले, नाड्या बांधल्या आणि गेला. घंटा बराच वेळ हलत राहिली.

त्या दिवसापासून समोर काही चमकलेलं नाही. मी दादाला विचारलं, "गेला असेल ना रे तो?" मला वाटलं होतं, निदान माझ्या समाधानासाठी तरी हो म्हणेल. पण भिंगांच्या बाबतीत त्याला खोटं बोलता येत नाही. तो म्हणाला, "गेला असेल तर चमकणार नाही. नळी लावली असेल तरी चमकणार नाही."

आता रोज संध्याकाळी मी कपडे काढायला वर निघाले, की तो दुकान तसंच उघडं टाकून माझ्या आधी जिना चढतो. दोरी आणि मैदान यांच्या मधोमध, इमारतीकडे तोंड करून उभा राहतो. मी त्याच्या पाठीमागे एकेक चिमटा काढते. परवा त्याला म्हटलं, "दादा, खाली घंटा वाजतेय, गिऱ्हाईक असेल. जा." तो जागचा हलला नाही. मी बाजूने वाकून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याचे दोन्ही डोळे उघडे होते.

"पुढे येऊ नकोस, बये," तो म्हणाला. "चादर राहिलीय. ती काढ."