शनिवारी बंद घाणा

रविवार, दिनांक १३ जानेवारी १९६३, सकाळी पावणेसात वाजता शेजारच्या मास्तरांनी माझ्या दाराची कडी वाजवली आणि नमस्कारही न करता विचारले, "शिरस्तेदार, साक्ष द्याल?" देवावर पूर्ण श्रद्धा ठेवून देवाच्या प्रत्येक कृत्याचा पुरावा मागणारा मनुष्य मी आयुष्यात एकच पाहिला. तो हा. त्या सकाळी पुरावा त्यांच्याकडेच मागितला गेला होता.

ते रेवदंड्याच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले होते. समाजाने बेने इस्राएल, म्हणजे गावात ज्यांना शनवार तेली म्हणत ते यहुदी. आजोबांचा तेलाचा घाणा अंगणात पडून होता. त्यावर फळी टाकून मास्तर लिहायला बसत. या किनाऱ्यावरच्या यहुदी आणि ख्रिस्ती लोकांची विद्या व उपासना यांचा इतिहास लिहायचा, हे त्यांनी देश स्वतंत्र झाला त्या वर्षी मनावर घेतले. पुढे इतकी वर्षे गेली, तरी पहिले प्रकरण पुरे झाले नाही. समाजाची परंपरा अशी की फार प्राचीन काळी नवगावपाशी गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांचेच हे वंशज. मास्तर त्या किनाऱ्यावरच अडले. "सात आणि सातच? लाटांतून वर येणाऱ्यांना मोजायला कोण उभे होते?" हा प्रश्न त्यांनी सिनेगॉगच्या, म्हणजे त्यांच्या प्रार्थनामंदिराच्या, भर सभेत विचारला. एक वृद्ध गृहस्थ शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुम्ही किनाऱ्याला लागलात ना? मग आता खाली बसा."

त्यांच्यात बायबलातील कथांवर मराठीत कीर्तने होत. मास्तर पुढे बसले की कीर्तनकाराला घाम फुटे. समुद्र दुभंगण्याचा प्रसंग रंगात आला असता हे उठून म्हणाले, "वारा पश्चिमेचा नव्हे. ग्रंथात पूर्वेचा आहे. पुढे चालू द्या." पुढे काय चालणार? रविवारी ते तरीने खाडी ओलांडून कोर्लईच्या चर्चमध्ये जात. शेवटच्या बाकावर बसून लॅटिन स्तोत्रे ऐकत आणि मांडीवर उघडलेल्या हिब्रू पाठाशी ती ताडून पाहत. तिथले पाद्री एकदा म्हणाले, "मास्तर, सगळे गुडघे टेकतात, तुम्हीही टेका." यांचे उत्तर, "गुडघे टेकले तर ग्रंथ खाली पडेल." मास्तर बाटले, अशी गावात बोलवा झाली. समाजाचे दोन पंच विचारायला आले, तेव्हा त्यांनाही यांनी अंगणात उभे करून पुरावाच मागितला. प्रार्थनेच्या वेळी मात्र हा मनुष्य सिनेगॉगमध्ये सर्वांआधी हजर असे. श्रद्धेची त्यांना शंका नव्हती. इतिहासाची होती. दोन्हींची गल्लत केलेली त्यांना खपत नसे.

त्यांची एकुलती एक मुलगी परिचारिका होऊन इस्राएलला गेली होती. तिथे तिचे लग्न ठरले. मुलगा दुसऱ्या देशातून आलेल्या यहुदी घरातला. लग्न लावणाऱ्या धर्माधिकाऱ्यांनी विचारणा केली, की कोकणातले हे लोक मूळचे यहुदीच कशावरून? वधूच्या वडिलांनी कुळाचा खुलासा पाठवावा. तो येईपर्यंत लग्न थांबले. मुलीचे पत्र शनिवारी दुपारी आले. शनिवार त्यांच्या धर्मात विसाव्याचा, त्या दिवशी काही फाडणे हेही काम ठरते, म्हणून मास्तरांनी पाकीट फळीवर ठेवले आणि समोर बसून राहिले. त्यांच्या पत्नी, आमच्या शेजारच्या बाई, सबंध दुपार स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. आभाळात तारे दिसून शनिवार सरल्यावर पाकीट उघडले.

मी अलिबागच्या कोर्टात शिरस्तेदारी केलेली. साक्ष म्हणजे काय हे मला ठाऊक होते. मास्तरांना ते माझ्याहून अधिक ठाऊक होते. त्या रविवारी सकाळी सारे ऐकून मी म्हणालो, "तुमचे आजोबा शनिवारी घाणा बंद ठेवत, हे सगळ्या गावाला माहीत आहे."

"गावाचे राहू द्या. तुम्ही स्वतः काय पाहिलेत?"

"लहानपणी आईने शनिवारी तेलाला पाठवले. बैल सावलीत बसला होता. आजोबा म्हणाले, उद्या ये. रिकामे भांडे घेऊन परतलो."

"किती वेळा?"

"एकदा. त्यानंतर शनिवारी मला कोणी पाठवले नाही."

"एवढेच लिहितो," ते म्हणाले. माझा थोडा अपमान झाला. पण लिहिले ते बरोबर होते.

तेवढ्यात शेजारी त्यांच्या दाराशी कोळीण आली, तेव्हा आम्ही दोघे तिकडे गेलो. मास्तरांनी तिलाही ओट्यावर बसवले. त्यांच्या धर्माला खवले असलेलीच मासळी चालते. कोळंबी, चिंबोरी म्हणजे खेकडा, वर्ज्य. त्यांनी विचारले, "या घरी तू कधी कोळंबी विकलीस?"

"न्हाय बा! माजी सासू सांगं..."

"सासूचे नको. तुझे सांग."

"मंग लिव. येक डाव चिंबोरी टोपलीतनं उडाली नि तुज्या वट्याव चालाय लागली. तुजी आई झाडू घेऊन आली. चिंबोरीला न्हाय, मना मारायला! वटा धुवाय लावला. तवापासनं या दाराव मी चिंबोरी झाकून आनते. हाय का आजून काय?"

मास्तरांनी झाडूसकट सारे लिहून घेतले. मी हसलो. ते हसले नाहीत.

दुपारी मला त्यांच्याकडे बोलावणे आले. बाईंनी पाठवले होते. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही सांगा यांना. गलबताची गोष्ट लिहा म्हणावं, सात जोडप्यांची. सगळे लिहितात. चिंबोरीवर पोरीचं लग्न होतं का कुठं?"

मास्तरांनी लेखणी खाली ठेवली. मग म्हणाले, "लहान असताना तिने मला विचारले होते, बाबा, ही गोष्ट खरी का? मी म्हणालो, मला ठाऊक नाही. आता तिच्याच लग्नासाठी, ठाऊक आहे म्हणून सही करू?"

"लग्न मोडलं तर?"

"तर ते माझ्यामुळे मोडेल. हे मला कळते."

बाई आत गेल्या. मास्तरांनी खुलाशात गलबत घातले नाही. बंद घाणा, धुतलेला ओटा आणि स्वतः पाहिलेल्या अशाच काही गोष्टी घातल्या. खाली सही केली. माझी सही आणि कोळणीचा अंगठा घेतला.

लग्न पुढल्या वर्षी झाले. त्या कागदामुळे की तिकडचे मत एकूणच निवळल्यामुळे, हे मी सांगू शकत नाही. पुराव्यावाचून सांगू नये, ही सवय मला त्यांच्यापासून लागली. नंतर मुलीने दोघांनाही बोलावून घेतले. शेजारच्या घराला कुलूप लागले. वाद घालायला तसा मनुष्य पुन्हा भेटला नाही.

त्या रविवारी मात्र यातले काहीच ठाऊक नव्हते. अडलेल्या कामासाठी त्यांच्यात एलियाहू नबीच्या, म्हणजे बायबलातील एका प्रेषिताच्या, नावाने मलिदा करतात. गूळखोबरे घातलेले पोहे आणि फळे ताटात मांडून प्रार्थना म्हणायची. नबी आमच्या या किनाऱ्यावर येऊन गेला असे समाज मानतो. मास्तरांनी तीही कथा पुराव्याअभावी बाजूला ठेवलेली. संध्याकाळी बाईंनी पोहे भिजत घातले. मास्तरांनी खवणी ओढून घेतली, तिच्यावर बसले आणि नारळ खवून दिला.