बिबवेवाडी ते हिंजवडी: नानांच्या फुटबॉल कार्डाची किंमत काढायला

लोक लडाखला जातात, आम्ही हिंजवडीला गेलो. वेळ साधारण तेवढाच लागला असं नाना म्हणतात.

झालं असं, की आई-नाना बिबवेवाडीचा फ्लॅट सोडून धायरीला आमच्या शेजारच्या वन बीएचकेमध्ये येणार होते. जागा लहान, म्हणून आईने नियम काढला: ज्याला किंमत नाही ते रद्दीत. नियमाचा पहिला बळी ठरला नानांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यात त्यांची फुटबॉल कार्डं. नाना तरुणपणी कॉलेजच्या टीममध्ये होते आणि त्यांचा बोटीवर नोकरी करणारा मित्र परदेशातून बबलगमबरोबर मिळणारी ही कार्डं आणायचा. त्यातलं एक दक्षिण अमेरिकेतल्या एका थोर खेळाडूचं, तो अगदी पोरसवदा असतानाचं.

"याला किंमत आहे," नाना म्हणाले.

"मग आणा काढून," आई म्हणाली. "रद्दीवाला रविवारी येतोय."

शनिवारी सकाळी पोहे खाऊन, डबा घेऊन आम्ही दोघं निघालो. पहिला मुक्काम पेठेतलं जुन्या नाण्यांचं दुकान. रिक्षाने जा, स्वतःची गाडी नेलीत तर पार्किंग शोधण्यात अर्धा जन्म जाईल. दुकानदारांनी कार्डाकडे नजरसुद्धा टाकली नाही.

"आम्ही नाणी घेतो."

"पण अंदाजे किंमत?"

"ज्याला हवंय त्याला विचारा. मला नकोय."

नाना बाहेर आले ते खुशीत. "माणूस शिकलेला दिसतो," म्हणाले. मला मात्र राग आला होता, तो शेजारच्या दुकानातल्या अमृततुल्य चहाने थोडा निवला.

पण ज्याला हवंय असा माणूस आणायचा कुठून? माझ्या ऑफिसमधल्या मैत्रिणीचा भाऊ सौरभ अशी कार्डं जमवतो. राहतो हिंजवडीत. फोन केला तर म्हणाला, "या ना, आज सुट्टीच आहे." स्वारगेटहून बस पकडली. वाकडच्या पुढे बस जी थांबली ती थांबलीच. नानांनी खिडकीतून काचेच्या इमारती बघत मला कार्डाच्या पैशांचा पूर्ण बेत सांगितला. आईच्या गुडघ्यांसाठी धायरीला कमोडची बाथरूम नीट करून घ्यायची आणि उरले तर दोघांनी विमानाने कुठंतरी जायचं. "म्हणजे मग डब्याला ती नावं ठेवणार नाही," असंही म्हणाले.

सौरभने आम्हाला सोसायटीखालच्या कॅफेत बसवलं. (कॉफी महाग आहे, घरूनच पिऊन जा.) त्याने समजावलेलं तुमच्याही उपयोगाचं आहे: लोक विकायला किती मागतात ते बघायचं नाही, प्रत्यक्ष कितीला विकलं गेलं ते बघायचं. मग कोपरे, कडा, चित्र मधोमध छापलंय की नाही, आणि पृष्ठभाग. नानांनी रुमालातून कार्ड काढलं. सौरभचे डोळे मोठे झाले, आणि लगेच चेहरा पडला.

"काका... हे लॅमिनेट कोणी केलं?"

"मी," नाना म्हणाले.

धादांत खोटं. माझ्या दहावीच्या मार्कशीटबरोबर आईनेच ते करून आणलं होतं. मी तिच्याबरोबर दुकानात उभी होते. घरातली मोलाची वस्तू लॅमिनेट करायची, हा आमच्याकडे धर्मच.

"सोलून काढता येईल?"

"छपाई निघून येईल, काका. नुसतं असतं ना, तर सेकंडहँड गाडी आली असती. सीरियसली. आता कलेक्टर हात लावणार नाही."

"बाकीची?"

"बाकीची कॉमन आहेत."

परतीच्या बसमध्ये नानांनी कार्ड पुन्हा डब्यात ठेवलं. स्वारगेट आल्यावर म्हणाले, "मंजू, घरी लॅमिनेशनचा विषय काढायचा नाही." मला रडू येत होतं, खरं सांगते.

दारातच आईने विचारलं, "काय, निघाली किंमत?"

"शून्य," नाना म्हणाले आणि डबा स्वतःच रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवला. आयुष्यभर आईशी एकही वाद न सोडलेला माणूस हा! हातात हुकमाचा एक्का होता आणि त्याने पानं खाली ठेवली.

आईला ते काही पटलं नाही. तिने डबा उघडला, कार्ड ट्यूबलाइटखाली धरलं.

"शून्य काय शून्य? कोपरा बघा, जरासुद्धा वाकलेला नाही. तुम्ही आरशाच्या फटीत खोचून ठेवलं होतंत. मी वेळेवर लॅमिनेट करून आणलं म्हणून राहिलं."

मी तोंड उघडलं. नानांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी मुकाट्याने पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले.

"ते मात्र खरं," बाहेरून नानांचा आवाज आला. "तुझ्यामुळेच राहिलं."

आईने डबा आपल्या साड्यांच्या बॅगेत भरला. बाथरूमचं काम आम्ही भावंडांनी मिळून करून घेतलं, विमान अजून राहिलंय. कार्ड धायरीला टीव्हीशेजारी उभं आहे. परवा सौरभ आला होता, त्याने पुन्हा हातात घेऊन हळहळत विचारलं, "काका, असंच कोणी मागितलं तर कितीला द्याल?"

नानांनी आईकडे बघितलं आणि म्हणाले, "परवडणार नाही त्याला."