छोट्या मोटरचा करंट

मोटर जळाली ती माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी सारवासारव करायला लागलो तर वाचणाऱ्याला कळेल.

तेव्हा मी चेन्नईत गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात डिझाइनचं काम करायचो आणि अण्णा नगरात एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. दोघं तंजावरकडचे मराठी. त्यांची मराठी पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच मुरलेली, तमिळ हेल काढून बोललेली. पहिले दोन महिने मी नुसती मान डोलावून वेळ मारून नेली. पण परमुलखात कुणी 'बैस, जेवून जा' म्हटलं, तर इचलकरंजीचा माणूस व्याकरण कशाला तपासतोय?

काका चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या एका संरक्षण कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी गिअरबॉक्सची ड्रॉइंगं काढली. मी राहायला आलो तोवर त्यांचा उजवा हात असा थरथरायचा की कॉफीचा पेला तोंडापर्यंत नेताना अर्धी कॉफी बशीत सांडायची. काकूंना साखर. तिनं त्यांचा डावा डोळा आधीच खाल्ला होता आणि उजवा चालला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दीड-दोन महिने धरा, नंतर उजेड-अंधार एवढंच कळेल.

त्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर काका मला म्हणाले, "मी हिला लग्नात शब्द दिला होता, तुझं चित्र काढीन म्हणून. जन्मभर लोखंड काढलं. हिचं राहिलं." मग हात पुढे करून दाखवला. "ह्या हातानं आता काय काढू?"

म्हणून आम्ही दोघांनी एक यंत्र करायला घेतलं. कागदावर पेन आडवं-उभं फिरवणारं, घरी बनवलेलं. काकांनी काकूंच्या जुन्या फोटोवर चौकटीचा पारदर्शक कागद ठेवला आणि चेहऱ्याच्या रेषेवरचा एकेक बिंदू मोजून मला सांगायला लागले. मी लिहून घ्यायचो आणि माझ्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये भरायचो. ट्वेंटी थ्री पॉइंट फाइव्ह, फॉर्टी वन. आकडे नेहमी इंग्रजीत, कारखान्याची सवय. हनुवटीपासून सुरुवात केली होती. नाकाशी आल्यावर ते जरा थांबले आणि म्हणाले, "इथे फोटो खोटा आहे, हिचं नाक इतकं सरळ नाही." आणि आकडा स्वतःच्या मनानं बदलला.

पेन हलवायला दोन स्टेपर मोटरी होत्या. ही मोटर गरगर फिरत नाही, ठरावीक टप्प्यांनी वळते, म्हणून रेघ जिथे हवी तिथेच थांबते. तिला हुकूम देणारा ड्रायव्हर बोर्ड वेगळा असतो आणि त्या दोघांचं जमवून द्यावं लागतं. बोर्डावर एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवून मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवायचं. कमी पडला तर ती टप्पे चुकवते, जास्त झाला तर तापते, आणि नुसती उभी असली तरी तापत राहते. आमच्या मोटरी भंगारातल्या. एक थोराड, जुन्या प्रिंटरची. दुसरी स्कॅनरमधली, लिंबाएवढी.

शनिवारी मोठीचा बोर्ड पाऊण अँपिअरवर लावला. रविवारी छोटीची पाळी. काका आतल्या खोलीत काकूंच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालत होते. दिवसातून चारदा, डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून, चेहऱ्याला चेहरा लागेल इतकं वाकून. मी बाहेरूनच विचारलं, "काका, हिला किती ठेवू?"

आतून आवाज आला, "काल ठेव, तंबी."

तंबी म्हणजे धाकटा भाऊ, एवढं तमिळ मी शिकलो होतो. पण काल म्हणजे काल, त्यात शिकायचं काय? काल जेवढं ठेवलं तेवढंच ठेव. ठेवलं. मोटर गरम व्हायला लागली, पण स्टेपर गरम होतातच, असं म्हणून मी पाठ फिरवून बिंदू भरत बसलो. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगाच नाही. वार्निश जळाल्याचा वास आला तेव्हा आतली गुंडाळी काळी पडली होती.

काका धावत बाहेर आले. "किती ठेवलंस?"

"पाऊण."

"पाऊण कुणी सांगितलं?"

मला राग आला. स्वतःची चूक नाही याची खात्री असलेल्या माणसाला येतो तसला, फणकाऱ्याचा. मी म्हणालो, "तुम्हीच सांगितलंत, कालचंच ठेव म्हणून. काका, हल्ली तुमच्या लक्षात राहत नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मी असं म्हणालो?" मी हो म्हणालो. ते खुर्चीत बसले. हात गेला होता, आता डोकंही चाललं, असं त्यांनी त्या खुर्चीत बसून ठरवून टाकलं असणार. मला तेव्हा ते दिसायला हवं होतं.

तशीच मोटर मिळवायला तीन शनिवार गेले. रिची स्ट्रीटचं मार्केट रविवारी बंद आणि मला सुट्टी शनिवारी दुपारनंतर. तिथे काढलेल्या मोटरींचे ढीग असतात, नाव ना गाव. दोन वायरी एकमेकींना जोडायच्या आणि दांडा बोटांनी फिरवायचा. जड लागला की ती जोडी एका गुंडाळीची. टप्पेही बोटांनीच मोजायचे. एक मिळाली तिचे टप्पे वेगळे, तिनं चेहरा दुपटीनं लांब काढला असता. दुसरीचा दांडा जाड. तिसऱ्या शनिवारी जमली.

त्या तीन आठवड्यांत काका बदलले. बिंदू सांगायचे, मग मलाच म्हणायचे, "फिरून बघ, मी चुकलो असेन." भाजी आणायला एकटे जाईनात. आणि काकूंच्या डोळ्यांत थेंब घालणं त्यांनी सोडलं. कुठली बाटली किती वाजता, हे आपण विसरलो तर, या भीतीनं. त्यासाठी शेजारच्या गल्लीतली एक नर्स यायला लागली. चटचट थेंब टाकून निघून जायची.

यंत्रानं शेवटी चित्र काढलं. रेषा चांगली होती. नाक तर फोटोपेक्षा खरं होतं. काकांनी कागद काकूंच्या उजव्या डोळ्याशी नेऊन धरला, जरा लांब केला, खिडकीकडे वळवला. काकू म्हणाल्या, "पांढरं दिसतंय." मग काकांना वाईट वाटू नये म्हणून म्हणाल्या, "छान आहे की."

पुढे महिनाभरानं मी कोपऱ्यावर भाजी घेत होतो. शेजारच्या बाईनं बीन्सकडे बोट दाखवून म्हटलं, "काल किलो." भाजीवाल्यानं पाव किलोचं वजन तराजूत टाकलं.

मी त्याला विचारलं, काल म्हणजे काय? त्यानं तेच वजन उचलून दाखवलं. तमिळमध्ये काल म्हणजे पाव. पाव किलो. पाव अँपिअर. मोटरीला तेवढाच लागत होता. त्यांनी बरोबर सांगितलं होतं. घाईत, घरातल्या बोलण्यात, इंग्रजी सोडून. आणि मी त्यांना सांगताना त्या 'काल'चं 'कालचंच' करून टाकलं होतं. नाहीतर त्यांनी तिथल्या तिथे मला वेड्यात काढलं असतं आणि विषय संपला असता. भाजी तिथेच टाकून मी घरी गेलो.

दोघं आतल्या खोलीत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. काकांनी मला तीनदा विचारलं, "म्हणजे मी बरोबर सांगितलेलं?"

"अगदी बरोबर, काका. चूक माझी."

मला वाटलं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मग थेंब मीच घातले असते." थेंब आता बंदच झाले होते, डॉक्टर म्हणाले होते उपयोग नाही.

काकू भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. तशाच म्हणाल्या, "थेंब घालताना ह्यांचं तोंड जवळ यायचं. शेवटी शेवटी मला तेवढंच दिसत होतं, तंबी. चित्र कुणाला हवं होतं?"

आवाजात तक्रार नव्हती. मी काकांची माफी मागायला गेलो होतो. काकूंचीही मागायची आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.