चिकाची वाट

सून खरवस करायला बसली की वेलदोड्याच्या वासासरशी माझी बोटं ओली झाल्यासारखी वाटतात.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी पाटणला सासरी गाय पहाटे व्याली. कालवड धडपडत उठून आचळं हुंगायला लागली, तोच सासूबाईंनी तिला मागं ओढलं. "गाईची वार पडल्याबिगर चीक पाजायचा न्हाई. बाधतो."

"आवं आत्या, लय भुकेली हाय ती."

"मला काय दिसत न्हाई व्हय? पण बाधला म्हंजी?" म्हणत त्या तिचं अंग पोत्यानं पुसत राहिल्या.

मी कालवडीच्या तोंडात बोटं दिली. खरखरीत जिभेनं ती ओढून ओढून चोखायची. गोठ्यात ऊन आलं तशी ओढ कमी होत गेली. दुपारी गर्भाची वार पडली. सासूबाई चिकाची वाटी घेऊन धावल्या, पण तिला गिळवेना. चीक ओठांवरून ओघळला. दुसऱ्या दिवशी ती गेली. खरवस मात्र आळीभर वाटला. मला वाटी दिली, पण सासूबाईंनी स्वतः तो तोंडाला लावला नाही.

आता सून वासराला आधी चीक पाजते, मग उरलेल्याचा खरवस करते. मला ठाऊक आहे. तरी ती वाटी पुढं करते तेव्हा मी आधी गोठ्यात जाते, वासराच्या तोंडात बोट देते आणि ओढ लागेपर्यंत हलत नाही.